मनाचा आजार हा देवाचा कोप नव्हे

धम्मदीक्षा घेतलेल्या घरातील देव्हारा एका दिवसात उतरविता येतो. पिढ्यानपिढ्या मनात बसविलेले भय मात्र एका दिवसात उतरत नाही. ते कोपऱ्यात दबा धरून बसते आणि घरावर संकट येताच पुढे सरसावते. हे संकट मनाच्या आजाराचे असेल, तर त्या भयाला फारच बळ चढते. कारण ताप मोजता येतो, मोडलेले हाड दिसते. मनाचे दुखणे डोळ्यांना दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याच्यावर कोणीही कोणतीही कथा रचू शकतो.

वसई-विरारमधील आमच्या वस्त्यांत याचा प्रत्यय वारंवार येतो. तरुण मुलगा अबोल होतो व कामावर जाणे सोडतो. बाळंतीण रात्ररात्र रडते आणि तान्ह्या मुलाला जवळ घेईनाशी होते. घरातील कर्त्या पुरुषाची झोप उडते व लोक आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे तो बोलू लागतो. डॉक्टरांकडे जाण्याचा विचार होण्यापूर्वीच गावाकडील नातलगांचा निरोप येतो : देव सोडलेत, कुळाचार मोडलात, त्याचे हे फळ; आता तरी भगताला विचारा. घरातील आई गोंधळून जाते. मुलाच्या दुखण्याचे दुःख तिला असतेच. ते आपल्याच निर्णयामुळे ओढवले या अपराधाचे ओझे त्यावर चढते.

प्रस्तुत लेखक वकील आहे. जो आरोप करतो त्याने तो सिद्ध केला पाहिजे, हा न्यायाचा साधा नियम आहे. धर्मांतरामुळे मन बिघडते, या आरोपाला पुरावा कोणता? ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली स्थापन झाले. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. मधल्या पंचावन्न वर्षांत त्या रुग्णालयात जे रुग्ण दाखल झाले, त्यांनी कोणते देव सोडले होते? त्यांच्या घरी देव्हारे होते, नवस होते, कुळाचारही होते. यावरून एवढेच सिद्ध होते की मनाचा आजार कोणाचा धर्म विचारून येत नाही. आरोप येथेच फेटाळला जातो.

आता दुसरा आक्षेप. तो आमच्यातूनच येतो, म्हणून अधिक घातक आहे. काही बांधव म्हणतात, बुद्धाच्या धम्मात मनाला सर्वश्रेष्ठ स्थान आहे. जो पंचशील पाळतो त्याचे मन आजारी पडेलच कसे? ज्या अर्थी ते पडले, त्या अर्थी त्याची श्रद्धा कच्ची. हा विचार भगताच्या विचाराचाच सख्खा भाऊ होय. भगत देवाचा कोप सांगतो, हा धम्माचा कोप सांगतो. रुग्ण मात्र दोन्हीकडे अपराधीच ठरतो.

तथागतांची वृत्ती अशी नव्हती. पती, दोन पुत्र, माता-पिता व भाऊ यांच्या मृत्यूने भान हरपलेली पटाचारा वस्त्राचीही शुद्ध न राहता रस्तोरस्ती भटकत होती. लोक तिला वेडी म्हणून हाकलीत होते. तथागतांनी तिला हाकलू दिले नाही. तिला जवळ येऊ दिले, भगिनी म्हणून संबोधिले व भानावर येण्यास सांगितले. कोणी तरी आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. हीच पटाचारा पुढे विनय जाणणाऱ्या भिक्खुणींमध्ये अग्रगण्य ठरली. विनयपिटकात असा नियमच आहे की ज्या भिक्खूचे चित्त ठिकाणावर नाही त्याच्या हातून नियमभंग झाल्यास तो दोषी धरला जात नाही. गग्ग नावाच्या अशा एका भिक्खूसाठी संघाने रीतसर ठराव करून त्याला सवलत दिली होती. म्हणजे मनाचा आजार संघात अज्ञात नव्हता, आणि त्याला पाप मानले जात नव्हते.

आपण ज्या भूमीवर राहतो तिचेही या विषयाशी नाते आहे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. येथील बुरुड राजाच्या कोटाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले व तेथे स्तूप असल्याचे उघड केले. परंपरा सांगते की या प्रांताचा व्यापारी पूर्ण हा भिक्खू झाला व धम्मप्रसारासाठी मायदेशी परत निघाला. तथागतांनी त्याला विचारले, तेथील लोक कठोर आहेत. ते शिव्या देतील तर काय करशील? हातांनी मारतील, काठीने मारतील तर? प्रत्येक प्रश्नाला पूर्णाने शांत उत्तर दिले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की तथागतांनी त्याच्या हाती गंडा बांधला नाही. पुढे येणाऱ्या प्रसंगांची नावे घेऊन त्याच्या मनाची आधीच तयारी करून घेतली. नवदीक्षित कुटुंबानेही तसेच करावे. नातलग तुटतील, लग्नकार्यात टोमणे ऐकावे लागतील, शेजारी विचारतील, तेव्हा आपण काय बोलणार, हे घरात आधीच एकत्र बसून ठरवावे. ज्या आघाताची पूर्वकल्पना असते तो अर्धा होतो.

पण मन केवळ भयाने थकत नाही, रोजच्या जगण्यानेही थकते. आमचा माणूस पहाटे विरारची लोकल पकडतो, श्वास घेण्यास जागा नाही अशा डब्यात उभा राहून चर्चगेटच्या बाजूस जातो आणि रात्री तसाच परततो. कोणी कारखान्यात कंत्राटावर असतो. उद्याच्या कामाची शाश्वती नाही आणि खोलीचे भाडे मात्र महिन्याच्या महिन्याला उभे. त्याच्या आधी उठून डबा करणारी आणि त्याच्यानंतर झोपणारी स्त्री तर हिशेबातच धरली जात नाही. जातीवरून झालेला अपमान गिळून दोघेही घरी येतात. अशा मनाला दुबळे म्हणणे हा अन्याय आहे. ते दुबळे नाही. त्याच्यावर भार अधिक आहे.

हा भार हलका करण्याचे उपाय साधे आहेत. झोप ही चैन नव्हे, औषध आहे. घरातील स्त्रीलाही ती पुरेशी मिळावी अशी कामाची वाटणी करावी. सायंकाळी वंदनेनंतर दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यावे आणि मग दिवसभराचे सुखदुःख एकमेकांना सांगावे. दारूने झोप येते असे मानणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की ती झोप बिघडविते व उदासी वाढविते. बावीस प्रतिज्ञांत दारूला स्थान नाही, त्यामागे हेही शहाणपण आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी प्रचंड कार्यभार आणि आजारपण असतानाही उतारवयात व्हायोलिन शिकण्यास वेळ काढला. मनाला विसावा देणे म्हणजे चळवळीशी द्रोह नव्हे. तथापि उदासी, निद्रानाश वा भ्रम दोन आठवडे टिकला, किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा कानी आली, तर केवळ ध्यानावर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावे. जीव देण्याची भाषा ऐकल्यावर तर एक दिवसही थांबू नये व त्या माणसाला एकटे सोडू नये. ध्यान हे औषधाला पर्याय नाही.

उपचार ही कोणाची मेहेरबानी नसून आपला हक्क आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १८ अन्वये शासनाने चालविलेल्या वा शासकीय निधीवर चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे; दारिद्र्यरेषेखालील रुग्णास हे उपचार विनामूल्य आहेत. रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास हा कायदा मनाई करतो. आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. विमा कंपन्यांनी मनाच्या आजारासाठीही शरीराच्या आजाराप्रमाणेच विमा उपलब्ध करावा, असे कलम २१ सांगते. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे कलम ११५ गृहीत धरते आणि त्याला शिक्षा न करता त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकते. म्हणून अशा प्रसंगी पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात नेण्यास विलंब करू नये.

भगताच्या नावाने जे चालते त्यासही कायदा आहे. भूत उतरविण्याच्या निमित्ताने दोरखंडाने वा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा असून त्यास सहा महिने ते सात वर्षे कारावासाची शिक्षा आहे. याच कायद्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, हे विसरू नये. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. त्यामुळे मोफत विधी साहाय्याचा हक्कही त्यांना आहे. धर्मांतराने सवलती गेल्या, ही धास्ती ज्यांच्या मनाला पोखरते त्यांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी.

प्रत्येक विहाराने तीन गोष्टी कराव्यात. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक फलकावर ठळक लिहावा. तेथे दिवसा वा रात्री केव्हाही विनामूल्य सल्ला मिळतो. ज्या घरी असा रुग्ण आहे त्या घरी दोघांनी जावे, उपदेश करण्यासाठी नव्हे, तर त्याच्यासोबत रुग्णालयाच्या रांगेत उभे राहण्यासाठी. आणि 'वेडा' हा शब्द विहाराच्या आवारात कोणी उच्चारू नये. पटाचारेच्या अंगावर उपरणे टाकणाऱ्याचे नाव सर्वांना ठाऊक नाही. परंतु त्याने जे केले ते आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे.