गाडीचा न दिसणारा भाग

देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या किनाऱ्यावरील तालुक्यांत पिकअप गाडी हे आता नांगरा-पंपाइतकेच शेतकऱ्याचे अवजार झाले आहे. मार्चपासून मेअखेरपर्यंत हापूसच्या पेट्या, इतर महिन्यांत बर्फातील मासळी, नारळ, खताची पोती, असा तिचा फेरा चालू असतो. अशा गाडीची निगा राखली जात नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडतो, बॉनेट आरशासारखे लखलखते, मागच्या फाळक्यावर ग्रामदैवताचे नाव सुबक अक्षरांत रंगविलेले असते. परंतु गाडीचा नाश जेथून सुरू होतो, तेथे हा मायेचा हात पोहोचतच नाही.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मासळीच्या क्रेटमधून गळणारे खारट पाणी हौद्याच्या सांध्यांतून उतरते आणि चेसिसच्या आडव्या पट्ट्यांवर, पाट्यांच्या फटींत व ब्रेकच्या नळ्यांवर जाऊन बसते. चाकांवरील कमानींत जांभ्याची तांबडी माती आधीच चिकटलेली असते. ती हे पाणी ओल्या पोटिसासारखे धरून ठेवते. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून घेऊन पाझरू लागते; पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीत हे प्रत्येक गृहिणी पाहते. म्हणून गाडी छपराखाली कोरडी उभी दिसली, तरी तिच्या सांध्यांत गंजण्याचे काम चालूच राहते. नव्या गाड्यांच्या पत्र्यास जस्ताचा मुलामा असतो हे खरे. तथापि रस्त्यावरील खडीने तो खरवडला गेला की त्याचे संरक्षण फार काळ पुरत नाही.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. ब्रेकच्या तेलाची नळी पोलादाची असते आणि ती चेसिसच्या कडेने, नेमकी डोळ्याआड जाते. भरलेली गाडी फोंडा किंवा करूळ घाटातून उतरत असता ती नळी फुटली, तर बॉनेटची चकाकी कोणाच्याच उपयोगी पडणार नाही.

मच्छीमार आपली होडी किनाऱ्यावर ओढून घेतो, तेव्हा प्रथम तळ पाहतो. गाडीच्या बाबतीत मात्र हाच मनुष्य तळाकडे वळत नाही, हे आश्चर्य होय.

धुण्यासाठी पाणी गोडे हवे. किनाऱ्याजवळच्या पुष्कळ विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. जे तोंडाला खारट लागते ते गाडीसही वर्ज्य समजावे. आंबा बागायतदाराकडे फवारणीचा पंप व लांब नळीची गन असतेच. ती पिंपातील स्वच्छ पाण्यात घातली, तर हाताला न मिळणाऱ्या जागा सहज धुतल्या जातात. मात्र पंप व नळीतील औषधाचा अंश आधी पूर्ण काढून टाकला पाहिजे. जोराच्या धारेपेक्षा भरपूर पाणी अधिक कामाचे. तीव्र धार बेअरिंगमध्ये व वायरींच्या जोडांत पाणी घुसविते. दरवाजाच्या खालच्या कडेस पाणी निघून जाण्याची भोके असतात. ती काडीने मोकळी करावी, कधीही बुजवू नयेत. धुण्याची जागा व्हाळापासून व विहिरीपासून दूर असावी, हे सांगावयास नकोच.

यानंतर मेणाचा लेप. बाहेरच्या रंगावर लावावयाचे मेण बहुधा ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. ते रंगासाठी ठीक आहे. दरवाजाच्या आत व चेसिसच्या पोकळीत मात्र लांब नळीने फवारता येणारे पातळ मेण वापरावे लागते. ते फटींत शिरते आणि मागे पातळ थर ठेवते. लेप देण्यापूर्वी गाडी पुरती वाळली पाहिजे. ओल्या मिठावर मेण बसविणे म्हणजे चोरास घरात ठेवून बाहेरून कडी लावणे होय. ब्रेकच्या डिस्क, ड्रम व सायलेन्सर यांस मेणाचा स्पर्शही होऊ देऊ नये.

पुष्कळ ठिकाणी इंजिनातील जळके ऑइल खालून फासण्याचा प्रघात आहे. तो स्वस्त आहे, पण चांगला नाही. त्याने रबराचे बुश व नळ्या फुगून मऊ पडतात, धूळ चिकटते, आणि उरलेले ऑइल पावसाबरोबर शेतात ठिबकते. त्यापेक्षा वर्षातून एकदा मेणाचा खर्च केलेला बरा. फाळक्याच्या रंगकामावर होणाऱ्या खर्चातील काही भाग इकडे वळविला, तरी निभावेल.

मालवाहू गाडीस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. तपासणी जवळ आली की डागडुजीची धावपळ होते आणि गंजलेल्या पत्र्यावर नवा रंग चढतो. हा रंग तपासणीपुरता टिकतो. गावपातळीवरील कार्यकर्ते फवारणी पंपाची निगा शिकवितात, त्याच मेळाव्यात एखादी गाडी उंच करून, विजेरीच्या उजेडात तिचा तळ शेतकऱ्यांस दाखविण्यास काहीच हरकत नसावी. मेअखेरीस, हापूसची शेवटची पेटी उतरल्यावर व पहिल्या सरीपूर्वी, ऊन कडक असते आणि गाडी दोन दिवस मोकळी मिळते. पुढे जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ती उभी राहील, तेव्हा तो लेप चढलेला असावा.