तिकीट हाती, दार बंद

ओसाका येथील १९७० च्या जागतिक प्रदर्शनास ६ कोटी ४२ लाख प्रेक्षक लोटले. अमेरिकी दालनातील चंद्रावरचा दगड पाहण्यासाठी लोक तासन्‌तास तिष्ठले. पण उशिरा आलेल्यासही रांगेचे शेपूट मोकळे होते. ओसाकातीलच युमेशिमा या कृत्रिम बेटावर २०२५ साली, १३ एप्रिल ते १३ ऑक्टोबर या काळात, पुन्हा प्रदर्शन भरले. रांगा टाळण्यासाठी या वेळी प्रवेशाचा दिवस व वेळ आगाऊ नोंदविण्याची पद्धत आली. प्रौढांचे एक दिवसाचे तिकीट साडेसात हजार येनांचे. परंतु समाप्ती जवळ येताच नोंदणी भरून गेली आणि तिकीट घेतलेले अनेकजण बाहेरच राहिले. पैसेही परत मिळाले नाहीत.

आयत्या वेळी निघणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्यांची रजा व पैसा उशिराच जुळतो, त्यांचा उशीर हा आळस नव्हे. टंचाई असली की किंमत, रांग वा सोडत यांपैकी कोणता तरी निकष लावावाच लागतो. मात्र जागा निश्चित न करता तिकीट विकणे हा निकष नव्हे. ती ग्राहकाच्या माथी मारलेली जोखीम होय. जागा नसेल तर पैसे परत, एवढा साधा नियम आयोजकांनी पाळावयास हवा होता.