मडगार्डचा एक नट

मैत्रिणींनो, पाऊस सुरू झाला की आपण मुलींना रेनकोट घेतो, दप्तराला प्लास्टिक घालतो; पण सायकलीच्या मडगार्डकडे कोण बघतं? गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली आठवीतली मुलगी शाळेतून येताना तोंडावर आपटली. पुढच्या मडगार्डचा नट महिनाभर सैल होता, नुसता खडखड वाजायचा. मडगार्ड चाकात ओढलं गेलं, चाक जागीच अडकलं. दोन दात गेले. वर घरच्यांनी फर्मावलं, "आता सायकल बंद!" शाळा चार किलोमीटर लांब. म्हणजे नेमकं काय बंद झालं, ते आपण बायका ओळखतोच. त्यांची समजूत घालायला मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

चूक पोरीची नव्हती, सायकलीचीही नव्हती. रविवारी पाच मिनिटं काढा. मडगार्ड हलवून पाहा, त्याच्या तारांचे नट आवळा. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर फट हवी. काळ्या मातीचा चिखल तिथे बसला की चाक फिरेनासं होतं. तो काडीने काढा. रिम ओली असली की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून दोन्ही ब्रेक आधीपासून, हळूहळू दाबायला शिकवा. ओढणीला गाठ मारा. एका हातात छत्री नकोच. साचलेल्या पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, तिथे उतरून चालावं.

आणि हो, हे काम फक्त बाबांचं किंवा दादाचं नाही. पाना मुलीच्याच हातात द्या. सायकल थांबली की तिची शाळा थांबते.