रोजच्या दीड जीबीचं करायचं काय?

मोबाईलच्या खर्चाचा विषय काढला की बडोद्याच्या मराठी घरांत एक उत्तर हमखास येतं. "अहो, इतका स्वस्त डेटा जगात कुठे मिळतो? दोन-चारशे रुपयांसाठी कशाला डोकं शिणवायचं?" समा-सावली रोडवरच्या सोसायट्यांत तर हे उत्तर फारच ठाम असतं. घरात वायफाय असतं, मुलगा पुण्याला नाहीतर परदेशात, आणि रिचार्ज तोच तिकडून ॲपवरून करून टाकतो. आईवडिलांना रक्कमही ठाऊक नसते. एसटीडीचा दर पाव व्हावा म्हणून रात्रीचे अकरा वाजेपर्यंत जागून पुण्या-मुंबईला फोन लावणारी हीच ती पिढी. तिने हिशेबच सोडून द्यावा, हे मला पटत नाही.

डेटा स्वस्त आहे हे खोटं नाही. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि भाव कोसळले, हे सगळ्यांनीच पाहिलं. पण स्वस्त आहे तो एका जीबीचा भाव. आपण सुटा जीबी घेतच नाही. घेतो ते पाकीट, आणि त्या पाकिटात रोजचा दीड जीबी असतो. रात्री बारा वाजले की त्यातला उरलेला भाग गेला. ज्याचं व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि नातवाचा व्हिडिओ कॉल सगळं घरच्या वायफायवर चालतं, त्याला हा दीड जीबी म्हणजे जेवून आलेल्या माणसापुढे रोज वाढलेली अनलिमिटेड थाळी. थाळी स्वस्त आहे की नाही, हा त्याचा प्रश्नच नव्हे.

आता आकडे पाहू. जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. त्यानंतर एअरटेलचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा प्लॅन 349 रुपयांना झाला. वर्षात असे 13 रिचार्ज लागतात, म्हणजे 4,537 रुपये. जानेवारी 2025 मध्ये त्याच कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएसचा 365 दिवसांचा प्लॅन 1,849 रुपयांना आणला. एका नंबरमागे 2,688 रुपयांचा फरक. घरात असे दोन ज्येष्ठ असतील, तर वर्षाला पाच हजारांवर. 'दोन-चारशे रुपयांसाठी' म्हणणाऱ्यांनी एकदा बाराने गुणावं. खरं तर तेराने.

हा नुसत्या कॉलचा प्लॅन कंपन्यांच्या मनात आपसूक उगवलेला नाही, हेही सांगायला हवं. 23 डिसेंबर 2024 रोजी दूरसंचार नियामक ट्रायने नियमात दुरुस्ती केली: ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी कॉल-एसएमएसचं वेगळं व्हाउचर ठेवलंच पाहिजे, आणि अशा व्हाउचरची मुदत 90 ऐवजी 365 दिवसांपर्यंत असू शकते. कंपन्यांचा पहिला प्रतिसाद मासलेवाईक होता. एअरटेलच्या वर्षाच्या 1,999 रुपयांच्या प्लॅनमध्ये 24 जीबी होते. ते काढून घेतले आणि किंमत ठेवली 1,959. चोवीस जीबीची किंमत चाळीस रुपये! ओरड झाली, ट्रायने या व्हाउचरांची तपासणी करू असं म्हटलं, आणि काही दिवसांतच तो आकडा 1,849 वर उतरला. ग्राहकाने हिशेब मागितला की दर हलतो, याला यापेक्षा ताजा दाखला कशाला हवा?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. "भाजीवाल्याकडे क्यूआर स्कॅन करायचा तर डेटा लागतोच. आईला रस्त्यात अडकवायचं का?" मुळीच नाही. जी बाई रोज भाजी, दूध, रिक्षा सगळं फोनवरून चुकतं करते, तिच्यासाठी नुसत्या कॉलचा प्लॅन नकोच. पण म्हणून तिला रोजचा दीड जीबी कशाला? जानेवारी 2025 मध्येच 2,249 रुपयांत वर्षभराचे कॉल आणि एकूण 30 जीबी असाही प्लॅन आला. यूपीआयला लागणारा डेटा इतका किरकोळ असतो की घराबाहेर एवढ्यात वर्ष आरामात जावं. तरीही दोन हजारांहून अधिक वाचतात. आणि ज्या आजोबांना फोन फक्त कानाला लावायचा असतो, त्यांना बँकेचा ओटीपी डेटा नसतानाही येतो. तो एसएमएस असतो.

सगळ्यात लाडकी तक्रार 28 दिवसांच्या 'लबाडी'ची. ती ऐकायला जोरदार वाटते, पण तिच्यात दम कमी. 2022 मध्ये ट्रायने 30 दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा प्लॅन ठेवणं बंधनकारक केलं. 2024 च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा प्लॅन 299 रुपयांचा झाला, वर्षाला 3,887. त्यांचाच कॅलेंडर महिन्याचा 319 रुपयांचा, वर्षाला 3,828. लबाडीची किंमत 59 रुपये! चर्चा मात्र तिचीच, आणि न वापरलेल्या डेटापायी दोन-अडीच हजार जातात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

"मग पोस्टपेडचा फॅमिली प्लॅन घ्या, सगळ्यांचं एकच बिल." सोयीचं आहे, मान्य. पण प्रीपेडच्या छापील किमतीत 18 टक्के जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या जाहिरातीत तो धरलेला नसतो. दोन जोडण्यांचा 699 चा प्लॅन हातात पडतो 825 ला, वर्षाला साधारण 9,900. वर सांगितलेले दीड जीबीचे दोन प्रीपेड नंबर 9,074 ला होतात. सोबत मिळणारे ओटीटी घरात कुणी पाहत असेल, तर वरचे आठशे रुपये वसूल. नसेल तर ती वर्गणी दुसऱ्या कुणासाठी भरतोय.

राहिला नंबर पोर्ट करण्याचा सल्ला. 2024 च्या दरवाढीनंतर लोक रागाने बीएसएनएलकडे वळले. एकट्या जुलैत तिचे सुमारे 29 लाख ग्राहक वाढले, पण नोव्हेंबरात तिचेही घटले. दर कमी म्हणून गेले, नेटवर्क नाही म्हणून परतले, असं त्यातल्या बऱ्याच जणांचं झालं असावं. पोर्ट करण्याआधी आपल्याच फ्लॅटच्या आतल्या खोलीत सिग्नल येतो का ते पाहावं. 1900 वर एसएमएस त्यानंतर.

दुसऱ्या सिमबद्दल मात्र मी काटकसरवाल्यांच्या विरुद्ध आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, समाच्या रस्त्यांवर पाणी आलं, वीज गेली. अशा दिवसांसाठी घरातल्या एका फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम असणं ही चैन नव्हे. फक्त त्यावरही रोजचा दीड जीबी नको. 2013 पासूनचा नियम असा की 90 दिवस अजिबात न वापरलेला प्रीपेड नंबरही खात्यात 20 रुपये शिल्लक असतील तर लगेच बंद करता येत नाही. ते 20 रुपये वळते करून 30 दिवस वाढवून द्यावे लागतात. म्हणजे नंबर हातचा जात नाही. पण नंबर जिवंत राहणं वेगळं आणि कॉल चालू असणं वेगळं. पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर एक छोटा रिचार्ज मारावाच लागतो.

तेव्हा पुण्याच्या किंवा टोरांटोच्या चिरंजीवांनी पुढचा रिचार्ज करण्याआधी आईला एवढंच सांगावं: फोनच्या सेटिंग्जमध्ये जा आणि गेल्या महिन्यात मोबाईल डेटा किती वापरला तो आकडा वाचून दाखव. तो दोन जीबीच्या आत असेल, तर ॲप उघडताच समोर येणारे 'लोकप्रिय' प्लॅन सोडून द्यायचे आणि खाली सरकत जायचं. हवा तो प्लॅन तळाशी कुठेतरी असतो.