चुकलेल्या तासाची फी

मनाचे दुखणे घेऊन माणूस समुपदेशकाच्या दारी प्रथम जातो, तेव्हा तो व्यवहार ठरविण्याच्या मनःस्थितीत नसतो. कित्येक रात्री झोप नसते, घरच्यांना सांगितलेले नसते. अशा वेळी त्याच्यापुढे एक छापील कागद येतो. चार-सहा सत्रांची फी आगाऊ भरावी. २४ अथवा ४८ तास आधी न कळविता गैरहजर राहिल्यास पूर्ण फी पडेल. भरलेली रक्कम परत मिळणार नाही. तो न वाचताच सही करतो. याला संमती म्हणावयाचे काय?

या अटी आजच्या नव्हेत. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने १९१३ साली उपचाराच्या आरंभाविषयी लिहिताना सांगून ठेवले की, रुग्णाला ठरावीक तास जणू भाड्याने दिलेला असतो. तो आला नाही तरी त्या तासाचे देणे त्याच्यावरच राहते. फुकट उपचाराने रुग्णाचा विरोध वाढतो, असेही त्याचे मत होते. आपली सोय सिद्धान्त म्हणून मांडणाऱ्यांना हा फ्रॉइड फार आवडतो. पण १९१८ साली बुडापेस्टच्या परिषदेत त्यानेच बजावले की, शस्त्रक्रियेवर गरिबाचा जेवढा हक्क, तेवढाच मनाच्या उपचारावरही आहे, आणि हे उपचार एक दिवस विनामूल्य व्हावे लागतील. १९२० साली बर्लिनला व १९२२ साली व्हिएन्नाला तशी केंद्रे निघालीही. हा दुसरा फ्रॉइड मात्र सोयीस्करपणे विसरला जातो.

उपचारकही श्रमजीवी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. खोलीचे भाडे त्याला चुकत नाही आणि रिकामा गेलेला तास म्हणजे त्याची बुडालेली मजुरी. परंतु तो तास रिकामा का गेला, हे कोणी विचारावयाचे? समजा, कंत्राटी परिचारिकेला ऐन वेळी दुसरी पाळी करावयास सांगितले. नाकारावी तर नोकरी धोक्यात, पत्करावी तर समुपदेशकाची फी अंगावर. ज्याचा वेळ ज्याच्या हाती आहे, त्या व्यावसायिकाला ही अट कधी टोचतच नाही. अट एकच, पण ती दोन वर्गांना दोन प्रकारे लागू होते. नियम सर्वांना समान आहे असे म्हणणारे हेच झाकून ठेवतात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पहिल्या सत्रापूर्वी सर्व अटी रुग्णाच्या भाषेत, लेखी आणि तोंडीही सांगितल्या गेल्या पाहिजेत. दर सत्राची फी किती, ती केव्हा वाढेल, किती आधी कळवावे, आजारपण वा सक्तीची पाळी यांना सूट आहे काय, न वापरलेल्या सत्रांचे पैसे परत मिळतील काय, उत्पन्नानुसार सवलत आहे काय, पावती मिळेल काय, हे सारे स्पष्ट असावे. आणि रुग्णानेही हे प्रश्न निःसंकोच विचारावेत. पैशाची गोष्ट काढणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. त्याविषयीचे मौन नेहमी बलवानाच्याच पथ्यावर पडते. ज्या खोलीत मनातले सर्व काही बोलावयाचे, तेथे फीविषयीच बोलता येऊ नये, हा कसला विश्वास?

पण केवळ कागद स्वच्छ झाल्याने न्याय होत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत सर्वसामान्य मानसिक विकार असलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोक उपचारांविना आढळले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने परवडणारी सेवा हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. दारिद्र्यरेषेखालील रुग्णास ती विनामूल्य मिळावी, असेही त्यात म्हटले आहे. मात्र आमची परिचारिका दारिद्र्यरेषेच्या वर आणि खाजगी फीच्या खाली अशी मध्येच लोंबकळते. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारी दूरध्वनी-सेवा विनामूल्य आहे, हे स्वागतार्हच. तथापि दर आठवड्याला त्याच माणसासमोर बसून बोलण्याची जागा दूरध्वनी घेऊ शकत नाही.

सार्वजनिक रुग्णालयांत कायम नेमणुकीचे, पगारी समुपदेशक द्या. त्यांना चुकलेल्या तासाची फी मागावी लागणार नाही आणि रुग्णालाही ती द्यावी लागणार नाही. तोवर चुकलेल्या तासाचा हिशेब करताना एक प्रश्न विचारावाच लागेल: तास रुग्णाने चुकविला, की शासनाने?