रांगेतील हक्क

१९९४ च्या प्लेगने हादरलेली सुरत २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने देशात अव्वल ठरली. ती निर्धारवृत्ती आता तेथील करमणूक उद्यानांतील रांगांकडेही वळावी, असे आम्हांस वाटते. कोणाला पाळण्यात बसवावे, यास सुरक्षिततेची मर्यादा असू शकते. परंतु पाळण्यापर्यंत पोहोचूच न देणारे अरुंद कठडे व पायऱ्या ही निव्वळ बेफिकिरी होय. २०१६ च्या कायद्याने करमणुकीतील समान सहभाग हा अपंगांचा हक्क मानला आहे. सुगम्यतेचे नियम ऐच्छिक नव्हे, बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयानेही ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले. मागील दाराने दयेपोटी आत घेणे हा यावरील उपाय नव्हे. बारास एक या प्रमाणातील उतार, चाकांची खुर्ची वळेल एवढी वाट, बसून पाळी येण्याची सोय आणि गर्दी-गोंगाट न सोसणाऱ्या स्वमग्न बालकासाठी शांत जागा, एवढीच मागणी आहे. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्यास कायदा बांधकामाची परवानगी नाकारतो. महापालिकेने नव्या उद्यानांबाबत ही अट कसोशीने पाळावी आणि जुन्यांना मुदत घालून द्यावी. भावंडे पाळण्यात झुलत असता एका मुलाने कठड्याबाहेर बसून राहावे, हे कोणत्याही सुधारलेल्या शहरास शोभत नाही.