नावापुढे 'निरंक' लागेल: महाराष्ट्रातल्या खासदारांना जाहीर इशारा

महाराष्ट्रातून लोकसभेवर गेलेले 48 आणि राज्यसभेवर गेलेले 19, अशा सर्व खासदारांना हा जाहीर इशारा आहे. तुमचा पक्ष कोणता आणि तुम्ही कोणत्या बाजूच्या बाकावर बसता, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. येत्या हिवाळी अधिवेशनाचा शेवटचा दिवस ही मुदत आहे. तोपर्यंत देशाच्या हवामान धोरणावर तुम्ही सभागृहात काय विचारलंत, काय मांडलंत, कशाला हरकत घेतलीत, ते कामकाजाच्या वृत्तांतात आम्हाला तुमच्या नावानिशी सापडलं पाहिजे. नाही सापडलं, तर 26 जानेवारीच्या ग्रामसभेत तुमच्या नावापुढे 'निरंक' लिहून तो कागद पंचायतीच्या फलकावर लागेल.

भाषा कडक वाटत असेल तर त्याला कारण आहे. सप्टेंबर 2025मध्ये सीना नदीने पात्र सोडलं. परंडा, करमाळा, माढा, मोहोळ या पट्ट्यातली उभी पिकं पाण्यात गेली, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. पाणी ओसरल्यावर जे उघडं पडलं ते टीव्हीवर फारसं आलं नाही. वावरातली काळी माती वाहून गेली होती आणि खालचा मुरूम वर आला होता. पीक गेलं तर एक हंगाम जातो. माती गेली तर नातवापर्यंतचा हिशेब बिघडतो. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरवडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांची तरतूद होती. एका हेक्टरवर गाळ पसरायला किती ट्रॉल्या लागतात, हे ज्याने तो टाकला आहे त्याला विचारा.

आता विम्याचं बघा. 2025च्या खरिपात राज्याने पीकविम्यातून स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीपश्चात नुकसान यांचं संरक्षण काढून टाकलं. भरपाई उरली ती फक्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर, आणि तेही महसूल मंडळाच्या सरासरीने. नदीकाठच्या गावाचं सोयाबीन कुजलं आणि त्याच मंडळातल्या माळावरच्या गावाचं बरं आलं, की सरासरी सगळ्यांचीच वाट लावते. निर्णय राज्याचा होता, पण योजना केंद्राची आहे आणि कोणतं संरक्षण ठेवायचं, कोणतं गाळायचं ही मुभा केंद्राच्या नियमांनीच राज्यांना दिली. हवामान दरसाल बिघडत असताना अशी मुभा ठेवायची का, हा दिल्लीत विचारायचा प्रश्न आहे.

तुम्ही बांधावर आलात, नाही असं नाही. चिखलात उतरलात, निवेदनं घेतलीत, फोटो निघाले, 'पंचनामे तातडीने करा' म्हणून तहसीलदारांना फोन लावलात. पंचनामा हे तलाठ्याचं आणि कृषी सहायकाचं काम आहे आणि ते तुमच्या फोनशिवायही होतं. जे काम तलाठी करू शकत नाही, आमदारही करू शकत नाही, फक्त तुम्हीच करू शकता, तेवढ्याचाच हिशेब आम्ही मागतो आहोत.

देशाचं हवामान धोरण ठरलं कसं, ते आधी पाहा. 30 जून 2008 रोजी राष्ट्रीय कृती आराखडा आला. त्यातली आठ अभियानं पंतप्रधानांच्या परिषदेने ठरवली. पॅरिस करारावर 2 ऑक्टोबर 2016 रोजी भारताने शिक्कामोर्तब केलं, ते मंत्रिमंडळाच्या निर्णयाने. 2070 सालापर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन पंतप्रधानांनी नोव्हेंबर 2021मध्ये ग्लासगोच्या व्यासपीठावरून दिलं. 2005च्या तुलनेत उत्सर्जनाची तीव्रता 2030पर्यंत 45 टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट ऑगस्ट 2022मध्ये मंजूर झालं, तेही मंत्रिमंडळात. यात बेकायदा काही नाही. करार करणं हा आपल्याकडे सरकारचा अधिकार आहे, आणि ही उद्दिष्टं चुकीची आहेत असंही आम्ही म्हणत नाही. पण पन्नास वर्षांचं वचन देताना लोकसभेत त्यावर एकदाही मतदान झालं नाही, आणि झालं नाही म्हणून तुमच्यापैकी कोणी आकाशपाताळ एक केलं असंही दिसलं नाही. डिसेंबर 2021मध्ये लोकसभेने नियम 193 खाली हवामान बदलावर चर्चा घेतली, हे खरं. त्या नियमाखालच्या चर्चेअखेर मतदान नसतं. भाषणं होतात, मंत्री उत्तर देतात, सभागृह पुढच्या विषयाकडे वळतं.

2014मध्ये पर्यावरण मंत्रालयाच्या नावात 'हवामान बदल' हे शब्द जोडले गेले. कायदा मात्र आला नाही. संविधानाच्या अनुच्छेद 253ने आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी देशभर लागू होणारा कायदा करण्याचा अधिकार संसदेला दिलेला आहे. ब्रिटनच्या संसदेने 2008मध्येच हवामान कायदा केला आणि सरकारला दरवर्षी जाब विचारणारी स्वतंत्र समितीही त्याच कायद्याने नेमली. आपल्याकडे हे बोलायला शेवटी न्यायालय पुढे आलं. माळढोक पक्ष्याच्या खटल्यात 21 मार्च 2024च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क अनुच्छेद 14 आणि 21 मधून येतो. या विषयावर देशात एकछत्री कायदा नाही, अशी नोंदही त्याच निकालात आहे. खटला राजस्थान-गुजरातमधल्या वीजतारांचा होता, पण ज्या पक्ष्यामुळे तो उभा राहिला त्याच्या नावाचं अभयारण्य आपल्या सोलापुरात, नान्नजला आहे. एवढं होऊनही तुम्हाला त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नसेल, तर न वाटण्याचं कारण लेखी कळवा.

'आमच्या हातात काय आहे? व्हिप निघाला की हात वर करायचा.' हे उत्तर आम्हाला पाठ आहे. दहाव्या परिशिष्टाने 1985पासून तुमचं मत पक्षाकडे गहाण पडलं, हे मान्य. पण प्रश्न विचारायला व्हिप आडवा येत नाही. लोकसभेत रोज 20 तारांकित प्रश्न लागतात. त्यांना मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्नाला छापील उत्तर येतं. 'अशी माहिती केंद्रीय स्तरावर ठेवली जात नाही' या एका वाक्यात मंत्रालय कसं निसटतं, ते तुम्ही आमच्यापेक्षा जास्त वेळा वाचलं असेल. त्या वाक्यावर दुसऱ्या आठवड्यात दुसरा प्रश्न टाकायला तुम्हाला कोणी अडवलं आहे? नियम 377 आहे, शून्य प्रहर आहे, लक्षवेधी आहे. खात्यांच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते. बहुतेक मागण्या गिलोटीनखाली चर्चेविना मंजूर होतात, तो भाग वेगळा. खासगी विधेयक 1970नंतर एकही मंजूर झालेलं नाही, म्हणून ते मांडण्यात अर्थ नाही असं म्हणू नका. मांडलं की ते कागदावर राहतं, आणि आम्हाला कागदच हवा आहे.

एक हत्यार तर जवळजवळ कोणी उचलतच नाही. पर्यावरण संरक्षण कायदा, 1986च्या कलम 26 प्रमाणे त्या कायद्याखालचा प्रत्येक नियम 30 दिवस संसदेपुढे ठेवावा लागतो, आणि त्यात बदल करण्याचा किंवा तो रद्द करण्याचा अधिकार दोन्ही सभागृहांना आहे. अधिसूचना सभापटलावर येते, तेव्हा ती उघडून वाचणारा एक तरी खासदार महाराष्ट्राचा असावा, एवढी अपेक्षा फार आहे का?

न बोलण्याची किंमत काय पडते, त्याचं एक उदाहरण द्यायलाच हवं. आपत्ती निवारण निधीतून खर्च करण्यासाठी केंद्राची एक यादी आहे. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, पूर, गारपीट, दरड, ढगफुटी, टोळधाड अशा आपत्ती तिच्यात आहेत. थंडीची लाटही आहे. उष्णतेची लाट नव्हती. राज्यांनी ती घालण्याची मागणी केली, तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाला यादी वाढवण्याची गरज वाटली नाही. महाराष्ट्राने आपल्या पातळीवर 2014मध्ये वीज पडणं, अवेळी पाऊस, समुद्राचं उधाण यांना राज्य आपत्ती ठरवलं. त्यावर राज्याच्या निधीतला फार तर दहा टक्के खर्च करता येतो. आणि 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानात, सरकारी पुरस्कार सोहळ्यात, भर उन्हात बसलेली 14 माणसं गेली. समोर मंडपात कोण कोण बसलं होतं ते राज्याने पाहिलं आहे. विदर्भात दर उन्हाळ्यात तेंदूपानं तोडणाऱ्या, वीटभट्टीवर आणि रोजगार हमीच्या कामावर असलेल्या माणसांचं कोणी मैदानात चित्रीकरण करत नाही. थंडीने मेलेला माणूस यादीत बसत होता आणि उन्हाने मेलेला बसत नव्हता, हा नियम नागपूर-चंद्रपूरच्या खासदाराला रात्री झोपू देत होता कसा?

पैशाचंही तेच. हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी 2015मध्ये राष्ट्रीय अनुकूलन निधी निघाला. त्यातून नंदुरबार आणि बुलढाण्यातल्या 51 गावांसाठी पाण्याच्या वापराचा आणि शेतीचा प्रकल्प मंजूर झाला होता. नोव्हेंबर 2022मध्ये केंद्राने हा निधी योजनांच्या यादीतून काढला. त्या 51 गावांत पुढे काय झालं, हे नंदुरबार आणि बुलढाण्याच्या खासदारांनी सभागृहाच्या वृत्तांतात आणावं. ही त्या दोघांसाठीची स्वतंत्र अट समजा.

सह्याद्रीबद्दल तर बोलायचीही लाज वाटते. पश्चिम घाटावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल 2011चा. 30 जुलै 2014च्या पहाटे माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, 151 माणसं गेली. 2021मध्ये तळिये, 2023मध्ये इर्शाळवाडी. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा 2014पासून निघतो आहे, मुदत संपते, पुन्हा निघतो. सहावा मसुदा निघाला 31 जुलै 2024ला, म्हणजे माळीणला दहा वर्षं होऊन एक दिवस उलटल्यावर आणि वायनाडचे डोंगर कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. गावं वगळा म्हणणाऱ्यांचीही बाजू आहे, घर बांधायला आणि रस्ता करायला परवानगी मिळणार नाही ही भीती खरी आहे. ती भीती सभागृहात मांडा, किंवा तिच्या विरोधात बोला. बंगल्यावर शिष्टमंडळांना भेटून दोन्ही बाजूंना 'बघतो' म्हणणं आता पुरे.

26 जुलै 2023ही तारीखही लक्षात ठेवा. त्या दिवशी लोकसभेत मणिपूरवरून गदारोळ चालू होता आणि त्या गोंधळातच वनसंवर्धन दुरुस्ती विधेयक मंजूर झालं. मणिपूरवर ओरडणं चूक होतं असं कोणी म्हणणार नाही. पण गडचिरोलीच्या जंगलाचं भवितव्य त्या गोंगाटात ठरत होतं, तेव्हा आपल्याकडचे किती खासदार दुरुस्ती हातात घेऊन उभे होते?

आता अटी. लोकसभेच्या प्रत्येक खासदाराने या अधिवेशनात किमान एक तारांकित प्रश्न, एक दुरुस्ती, कपात सूचना किंवा खासगी विधेयक, यांपैकी काहीतरी हवामान धोरणावर दाखल करावं. चिठ्ठीत नाव निघालं नाही तर दिलेल्या सूचनेची प्रत दाखवा, आम्ही ती मोजू. केंद्रात मंत्री असाल तर तुम्हाला प्रश्न विचारता येत नाही. मग या विषयावर तुमच्या खात्याने दिलेली उत्तरं घेऊन या. चंद्रपूरच्या 2,920 मेगावॅटच्या वीज केंद्राचं आणि कोळसा खाणींतल्या कामगारांचं 2070च्या वाटेवर काय होणार, हा प्रश्न मात्र एकाने तरी, नाव घेऊन, विचारलाच पाहिजे. कोणी विचारला नाही तर निरंक सर्वांना लागेल.

गावबंदीचा बोर्ड आम्ही लावणार नाही. ते तुमच्या सोयीचं होतं. यायचंच नाही म्हटल्यावर उत्तर द्यायचं कशाला? 26 जानेवारीला तुम्हाला ग्रामसभेचं रीतसर निमंत्रण येईल. माइक असेल, खुर्ची असेल, हार नसेल. वृत्तांत वाचून दाखवला जाईल, मग तुम्ही बोला. 1 मे आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेतही तेच होईल, 2029 येईपर्यंत. शहरातल्या खासदारांनी हसू नये: ग्रामसभा नसली तरी सोसायटीच्या नोटीस बोर्डाला जागा आहे. राज्यसभेच्या खासदारांना निवडणारे 288 आमदार आहेत, त्यांच्या हातात हा कागद दिला जाईल.

आणि सबबी आधीच बाद. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, हे तुमचा स्वीय सहायक सांगेलच. अधिवेशन भरतं नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे पहिल्या आठवड्यातल्या प्रश्नाचा कागद नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लोकसभा सचिवालयात पोहोचलेला असला पाहिजे, आणि त्याची पोच आम्हाला दाखवावी लागेल.